मोठा देणगीदार शोधताय? आधी जुनी पावती पुस्तकं काढा

प्रश्न : मराठवाड्यातल्या एका तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या सचिव लिहितात : आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर गेले की सत्तर मुलं आमच्याकडे राहतात, त्यामुळे त्यांची शाळा सुटत नाही. वर्षाचा खर्च ४२ लाखांच्या आसपास आहे. त्यातले २५ लाख पुण्याचे एक उद्योजक एकटे देत असत. गेल्या वर्षी ते वारले. मुलाने या वर्षीचे पैसे दिले, पण ‘पुढचं बघू’ म्हणाला. आता विश्वस्तांनी नवे मोठे देणगीदार शोधायचं ठरवलंय. एकांच्या ओळखीचा माणूस ‘पुणे-मुंबईतले पाचशे श्रीमंत’ अशी फोन नंबरसकट यादी पंधरा हजारांत देतो म्हणतो. दुसरे म्हणतात, टाटा-अंबानींना पत्रं टाका. मला काम दिलंय प्रत्येकाची माहिती काढायचं : बंगला कुठे, गाड्या किती, मुलं परदेशात आहेत का. मला ही हेरगिरी वाटते. पण पैसे उभे राहिले नाहीत, तर पुढच्या दिवाळीनंतर निम्मी मुलं आई-बापाबरोबर फडावर जातील. मी काय करू?

उत्तर :

ताई, नमस्कार.

ती यादी घेऊ नका, हे आधी सांगून टाकते. त्यातल्या माणसांनी आपला नंबर तुम्हाला दिलेला नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आल्यावर असा डेटा विकणं आणि वापरणं, दोन्ही अंगाशी येऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी तीच यादी फ्लॅटवाले, विमावाले आणि शेअरच्या टिपा देणारे यांनाही विकली गेलेली असणार. तुमचा फोन गेला की समोरचा तुम्हाला त्यांच्याच रांगेत उभं करेल. संस्थेचं नाव पुरतं सांगून होण्याआधीच फोन कट.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : मोठा देणगीदार म्हणजे मोठा श्रीमंत माणूस. देणगी यायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. ऐपत, आस्था आणि ओळख. विकतची यादी यातली फक्त ऐपत सांगते, तीही अंदाजपंचे. उरलेल्या दोन नसतील तर समोरचा अब्जाधीश असला काय आणि नसला काय, तुमच्या दृष्टीने सारखंच.

मग सुरुवात कुठून करायची? तुमच्या गेलेल्या देणगीदारांपासून. ते संस्थेकडे आले कसे, हे तुमच्या पत्रात नाही, पण कुठल्या यादीतून आले नसणार हे मी पैजेवर सांगते. संस्थेतल्या सगळ्यात जुन्या माणसाला गाठा आणि खोदून विचारा. त्यांना पहिल्यांदा कोण घेऊन आलं? त्या दिवशी त्यांनी काय पाहिलं, काय विचारलं? पहिली रक्कम किती होती? बहुतेकदा ती चार आकडी निघते. मग ती वाढत पंचवीस लाखांवर गेली, तर दर टप्प्यावर आधी काय घडलं होतं? याची दोन पानं लिहून काढा. पुढच्या माणसाच्या शोधाला त्याहून चांगला नकाशा मिळणार नाही.

दुसरं काम पावती पुस्तकांचं. गेल्या सात-आठ वर्षांची काढा आणि एका दुपारी दोघी-तिघी बसून एक-एक नाव वहीत घ्या. अलीकडचं काम सोपं आहे, कारण २०२१-२२ पासून तुमचे सीए देणगीदारांची नावं आणि रकमा आयकर खात्याच्या फॉर्म १० बीडीमध्ये भरत आले आहेत. तयार तक्ता त्यांच्याकडून मिळेल. (त्यात लोकांचे पॅन आणि आधार क्रमांक असतात. ते रकाने काढून टाका, आणि ती फाइल विश्वस्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एवढं पथ्य पाळाच.) बघताना नजर आपोआप मोठ्या आकड्यांवर जाते. तिला आवरा. एकदाच एक लाख देऊन गेलेल्यापेक्षा, दरवर्षी त्याच महिन्यात न मागता अकराशे रुपये पाठवणाऱ्या बाई मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. तोच महिना का? आईची तिथी असते, नवऱ्याचा वाढदिवस असतो. ते कारण त्यांच्या मनात पक्कं आहे आणि तुमची संस्था त्या कारणाशी जोडलेली आहे, एवढं तरी त्यातून कळतं. अशा बाई निवृत्त प्राध्यापिका असतील, एकट्या राहत असतील, मुलांना त्यांच्या पैशांची गरज नसेल. अकराशे त्या देतात, कारण तुम्ही त्याहून जास्त कधी मागितलेलं नाही. पावतीसोबत छापील पत्र गेलं असेल, बस.

पावत्यांवर न दिसणारी माणसंही लिहा. दरवर्षी तांदळाची पोती उतरवणारा आडत दुकानदार, मुलांचे डोळे फुकट तपासणारे डॉक्टर, पत्रकावर चूक सापडली म्हणून फोन करणारे गृहस्थ. चूक काढायला फोन करतो म्हणजे माणसाने पत्रक शेवटपर्यंत वाचलंय! असं चाळीस-पन्नास नावांचं कच्चं टिपण झालं की विश्वस्तांपुढे ठेवा आणि प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारा : यांना आपल्यातलं कोण ओळखतं? ‘साहेबांना सगळेच ओळखतात’ हे उत्तर धरायचं नाही. त्यांच्या घरी जाऊन चहा घेऊ शकेल असं कोण आहे, ते हवं.

आपल्याकडच्या मोठ्या देणग्यांचा इतिहासही हेच सांगतो. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं. सर विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आली १९२० मध्ये. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. पण ती कल्पनेला मिळाली नाही. चालू असलेल्या, अडचणीत तग धरलेल्या कामाला मिळाली. आणि त्यापूर्वीची कर्व्यांची कितीतरी वर्षं गावोगाव फिरून लहान लहान वर्गण्या गोळा करण्यात गेली होती. विद्यापीठाला नाव लागलं ते ठाकरसींच्या आईचं, नाथीबाईंचं. देणाऱ्याच्या घरात काय आहे, त्याला कुणाची आठवण जपायची आहे, हे बंगल्याच्या चौरस फुटांवरून कळत नाही.

आता तुमच्या हेरगिरीच्या शंकेबद्दल. ती रास्त आहे, आणि तुम्हाला अस्वस्थ वाटतं हे संस्थेच्या भल्याचंच आहे. पण माहिती काढणं आणि पाळत ठेवणं यात फरक करता येतो. माझी कसोटी सोपी आहे : त्या माणसाबद्दल तुम्ही केलेलं टिपण उद्या तो स्वतः तुमच्या कार्यालयात बसून वाचू लागला, तर तुम्हाला खाली बघावं लागेल का? तसं वाटलं तर ती ओळ खोडा. गाड्या, आजारपण, भावाभावांतले वाद, मुलाचा घटस्फोट, जात यातलं काहीही टिपणात नको. त्याचा व्यवसाय, मूळ गाव, आधी कुठल्या कामाला मदत केली, कुठल्या संस्थेवर विश्वस्त आहे, जाहीरपणे कशाबद्दल बोलतो, आपल्यातलं कोण त्याला ओळखतं आणि शेवटचं बोलणं कधी व काय झालं, एवढं हवं. एका माणसाला एक पान पुरे. तीन पानं झाली की समजा, भेटायचं टाळण्यासाठी आपण वाचत बसलोय.

ही माहिती उघडपणे मिळते, कुणाच्या चौकीदाराला विचारावं लागत नाही. कोण कुठल्या कंपनीवर संचालक आहे हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून काढता येतं. कुटुंबाचा ट्रस्ट महाराष्ट्रात नोंदलेला असेल तर धर्मादाय आयुक्तालयाच्या दप्तरात त्याची नोंद असते. इतर संस्थांचे वार्षिक अहवाल मागवा आणि शेवटची आभाराची पानं वाचा. मुलांच्या शिक्षणाला आधीच पैसे देणारी माणसं तिथे नावानिशी सापडतात. बांधकाम व्यावसायिक असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्याचे प्रकल्प आणि त्याच्याविरुद्धच्या तक्रारी दिसतात. त्या आधी बघून ठेवा. घरं न मिळालेली माणसं मोर्चा काढत असताना त्याच्या हातचा चेक घेतानाचा फोटो तुमच्या अहवालात छापला जायला नको.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या मालकाबद्दल ‘हजार कोटींचा माणूस’ असं कुणी सांगितलं की लगेच भारावून जाऊ नका. ती बहुतेक कागदावरची श्रीमंती असते. शेअर विकल्याशिवाय हातात येत नाही. त्यापेक्षा लाभांश मोजा. समजा प्रवर्तकाकडे ४० लाख शेअर आहेत आणि कंपनीने शेअरमागे ५ रुपये लाभांश दिला, तर त्या वर्षी दोन कोटी रुपये, कर वजा जाता, खरोखर त्याच्या खात्यात आले. शेअरसंख्या आणि लाभांश दोन्ही शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर असतात. अशा माणसाकडे पाच लाख मागणं शोभतं, पन्नास लाख नाही. उलट, ज्याने नुकताच आपला धंदा विकलाय किंवा ज्याची जमीन रस्त्यात जाऊन मोबदला मिळालाय, तो कुठल्याच श्रीमंतांच्या यादीत नसतो. तो तुमच्या तालुक्यातही असू शकतो.

टाटा-अंबानींना पत्रं टाकायची कल्पना मोडीत काढा असं म्हणणार नाही, पण तो पत्ता व्यक्तीचा नसतो. तिथे काम करणारी मंडळी असतात, त्यांचे ठरलेले विषय असतात, अर्जाची पद्धत असते. ती वाचून अर्ज करा आणि विसरून जा. कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे कायद्याने सामाजिक कामासाठी ठेवाव्या लागणाऱ्या पैशांचं, मात्र नीट बघा. ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नेटवर्थ (देणी वजा जाता मालमत्ता) ५०० कोटी यातलं काही एक किंवा त्याहून जास्त असेल, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि कारखाना जिथे आहे त्या भागाला कायदा प्राधान्य द्यायला सांगतो. कुठल्या जिल्ह्यात, कशावर आणि कुणामार्फत खर्च झाला ते काही कंपन्यांच्या वार्षिक अहवालात किंवा संकेतस्थळावर सापडतं. तिथे ‘शिक्षण’ आणि तुमच्यासारख्याच संस्थेचं नाव दिसलं की दार ठोठवायला हरकत नाही. सीएसआरचे पैसे घ्यायला लागणारा नोंदणीचा सीएसआर-१ क्रमांक तुमच्या संस्थेकडे आहे ना? नसेल तर आधी तो घ्या.

तुमच्या भागात एक खोच आहे. विश्वस्तांना वाटत असेल, एवढे साखर कारखाने आहेत, सीएसआर मागू. सहकारी कारखाना म्हणजे कंपनी नव्हे, त्याला हा नियम लागूच होत नाही. खासगी कारखान्याला लागू होतो. पण त्याआधी एक प्रश्न तुमच्या मंडळाने बसून सोडवायला हवा. ज्या उद्योगाच्या हंगामामुळे ही मुलं शाळेतून उठतात, त्याच उद्योगाचे पैसे घ्यायचे का? माझ्या मते घ्यायला हरकत नाही, कामगारांबद्दल बोलायची मुभा राहत असेल तर. तुमचं मत वेगळं असू शकतं. मुकादमाचे, निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याचे, फलकावर स्वतःचा फोटो मागणाऱ्याचे पैसे घ्यायचे की नाही, हेही चेक समोर यायच्या आधी लिहून ठेवा. चेक टेबलावर आल्यावर भल्याभल्यांची तत्त्वं लवचीक होतात.

देणगीदारही तुमची माहिती काढतो, हे विसरू नका. तुमचं संकेतस्थळ उघडेल आणि तिथे पाच वर्षांपूर्वीच्या प्रजासत्ताक दिनाचे फोटो दिसतील. ताळेबंद मागेल. आणि जरा जाणकार असेल तर विचारेल, “सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह योजना आणली आहे, मग तुमची गरज काय?” याला ‘सरकारी कामाचं काय सांगायचं’ असं मोघम उत्तर चालत नाही. तुमच्या तालुक्यात त्या योजनेत किती मुलं आहेत, तुमच्याकडे कुठल्या वर्गातली येतात, तिथे का जात नाहीत, हे स्वतः जाऊन बघून ठेवा. निम्मी मुलं तिथे सामावू शकत असतील, तर तेही प्रामाणिकपणे सांगा आणि आपलं काम कमी करा. त्याने देणगी जात नाही, उलट विश्वास बसतो.

करसवलतीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. देणगीवरची आयकराची वजावट, म्हणजे ‘ऐंशी-जी’, जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते, तीही निम्म्या रकमेची आणि उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. नव्या प्रणालीतल्या पगारदाराला ती नाहीच. पत्रकाच्या कपाळावर ती छापली असेल तर खाली न्या. आणि गावातल्या कुणाचा पुतण्या अमेरिकेत असेल तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक राहून परदेशात कमावलेल्या स्वतःच्या बचतीतून तो देत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, ती ठरते आणि परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या (एफसीआरए) परवानगीशिवाय घेता येत नाही.

आता आकड्यांचं. पंचवीस लाखांच्या जागी पंचवीस लाख देणारा दुसरा एक माणूस शोधणं म्हणजे हाच प्रसंग दहा वर्षांनी पुन्हा ओढवून घेणं. ती रक्कम फोडा. एक ८ लाखांचा, दोन ४ लाखांचे, पाच एक लाखाचे आणि सोळा पंचवीस हजारांचे. बेरीज २५ होते. म्हणजे चोवीस माणसं. एका होकारामागे तीन-चार नावं हाताशी लागतात असा या कामातला ढोबळ हिशेब आहे. तेव्हा ऐंशी-नव्वद नावं झाली की यादी पुरी. पाचशे लागतच नाहीत, आणि चाळीस-पन्नास तुमच्या वहीत आधीच आहेत. उरलेली याच लोकांना विचारून मिळतील : “आमचं काम आणखी कुणाला दाखवावं असं वाटतं?” हा प्रश्न पैसे मागण्यापेक्षा विचारायला सोपा आहे आणि कुणी त्याला नाही म्हणत नाही. ४२ लाख भागिले सत्तर, म्हणजे एका मुलाचे साठ हजार. एक लाख मागताना हा हिशेब पुढे ठेवा. माणसाला किती मुलांचं आपण बघतोय ते कळतं.

नव्या ओळखींसाठी काही जागाही आहेत. पुण्यात पितृपंधरवड्यात ‘देणे समाजाचे’ हे संस्थांचं प्रदर्शन भरतं. आई-वडिलांच्या नावाने काही द्यावं असं मनात असलेली माणसं तिथे स्वतःहून येतात, आणि तो काळ तुमचा हंगाम सुरू व्हायच्या थोडाच आधीचा असतो. गणेशोत्सवात ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रम काही निवडक संस्थांची ओळख करून देतो. तिथे निवड झाली तर पहिली लाट मोठी येते. पण त्यातल्या प्रत्येकाला पंधरा दिवसांत हाताने लिहिलेलं पत्र आणि चार महिन्यांनी मुलांची खबर गेली नाही, तर ती लाट आली तशी परत जाते.

शेवटी त्या उद्योजकांच्या मुलाविषयी. ‘पुढचं बघू’ हा नकार आहे असं तुम्ही धरून चालला आहात. वडिलांनी हे काम का धरलं होतं हे त्याला कधी कुणी सांगितलंय का? त्याच्या दृष्टीने तुम्ही वडिलांच्या खर्चाच्या यादीतली एक ओळ असाल. वडील संस्थेशी कसे जोडले गेले हे तुम्ही लिहून काढलेल्या त्या दोन पानांची एक प्रत, त्यांनी संस्थेला लिहिलेली पत्रं असतील तर ती, आणि वसतिगृहातून बाहेर पडून आज कुठे ना कुठे लागलेल्या मुलांची माहिती घेऊन जा. एखादा मुलगा पुण्यातच नोकरीला असेल तर त्यालाच बरोबर न्या. बोलू दे त्याला. त्या भेटीत पैसे मागू नका. डिसेंबरात, सगळी मुलं हजर असताना, एक दिवस येऊन जा म्हणा. तो आला, मुलांच्या पंगतीला बसला आणि परत जाताना काही विचारू लागला, तर मग मागा. पण पंचवीस लाख मागू नका. त्या चोवीस जणांतली सगळ्यात वरची जागा त्याला द्या : तीन वर्षं, दरवर्षी आठ लाख, वडिलांच्या नावाने. उरलेले सतरा कसे उभे करणार याचा कागदही त्याच्यासमोर ठेवा. व्यवसाय करणाऱ्या माणसाला तो कागद फार आवडतो.

आणि त्या वाचलेल्या पंधरा हजारांतून तुमचा पुण्याचा प्रवास, चांगल्या कागदावर छापलेला आठ पानी अहवाल आणि त्या अकराशेवाल्या बाईंच्या घरी नेण्यासाठी मुलांनी केलेलं काहीतरी, एवढं सहज बसतं. विश्वस्त तेवढा खर्च करायला तयार असतील, तर ठरावात फक्त ‘यादी’च्या जागी ‘गाठीभेटी’ लिहून घ्या.